बाग दत्तक, वस्ती दत्तक, मग धनी कोण?

मागच्या महिन्यात विहारात बैठक होती. विषयपत्रिकेवर चार विषय. मी म्हणालो, पाचवा लिहा : बाग. सगळे हसले. आमच्यातला एक तरणा पोरगा, तडफेचा, वाचणारा, मोर्चात पुढं असणारा, म्हणाला, "दादा, गावाकडं माणसं मारतायत, शिष्यवृत्त्या थकल्यात, कंत्राटीकरणानं आरक्षण खाल्लं, आणि तुम्ही बागेचं काय घेऊन बसलात? ते मॉर्निंग वॉकवाल्यांचं काम."

मी तिथं काही बोललो नाही. म्हटलं, हे भांडण कागदावर मांडू. म्हणून लिहितोय.

पोरा, तुझं हसणं मला लागलं नाही. तुझ्या वयात मीही हसलो असतो. पण एक ध्यानात घे. 'बाग हे मॉर्निंग वॉकवाल्यांचं काम' हे वाक्य तुझं नाही. ते त्यांचं आहे. तू फक्त त्यांच्या वतीनं बोललास. आपण बागेकडं पाठ फिरवावी, हेच तर त्यांना पाहिजे. फाटकावर पाटी लावायची गरजच उरत नाही मग.

आता माझी गोष्ट ऐक.

१९७२ च्या दुष्काळात जालन्याकडचं गाव सुटलं आणि माझे आईबाप मुंबईला आले. बाप गोदीत हमालीला लागला. आई एका सार्वजनिक बागेत रोजंदारीवर. अकरा वर्षं राबली तिथं. गवत उपटायचं, पालापाचोळा लोटायचा, पाईप ओढत पाणी मारायचं, गुलाबाच्या आळ्यात शेणखत घालायचं. शाळा सुटली की मी फाटकाशी जाऊन उभा राहायचो. दुपारी बागेला कुलूप असायचं. आत फक्त कामाची माणसं. आई भाकरी खायची ती अवजारांच्या खोलीमागं, खताच्या ढिगाशेजारी. एकदा मी आत शिरलो आणि सरळ जाऊन बाकावर बसलो. लोखंडी बाक, हिरव्या रंगाचा, सकाळीच आईनं पुसलेला. मुकादम आला. त्यानं शिवी दिली नाही. दंडाला धरून उठवलं आणि म्हणाला, "हितं बसू नको रं, लोक येत्यात."

लोक येत्यात! मग मी कोण होतो? बाक पुसणारी माझी आई कोण होती? आणि मुकादम तरी कोण होता? तो आपल्यातलाच होता, हे सांगितलंच पाहिजे. लोक म्हणजे कोण, हे त्यालाही कुणीतरी शिकवलं होतं.

रात्री आईला विचारलं. ती म्हणाली, "आरं, आपुन झाडं लावायची, त्येंनी बसायचं. आसंच चालत आलंय."

आसंच चालत आलंय. या तीन शब्दांवर सगळी वर्णव्यवस्था उभी आहे. शास्त्रं, पुराणं, स्मृत्या, सगळा त्याचा विस्तार.

*

गेल्या वर्षी हा 'लोक' शब्द पुन्हा भेटला. या खेपेला जोडशब्द होऊन : लोकसहभाग.

आमच्या उपनगरात नाला आहे. नाल्याच्या एका अंगाला सोसायट्या, दुसऱ्या अंगाला आम्ही. मध्ये एक जुनी बाग. बागेपासून पुढं नाल्याच्या काठानं 'हरित पट्टा' करायचा ठरलं. झाडं, चालायचा रस्ता, सायकलचा रस्ता. चांगली गोष्ट आहे. त्यासाठी लोकसहभागाची बैठक झाली. बैठकीचं बोलावणं गेलं सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. आम्हाला कळलं ते आमच्या वस्तीतली एक बाई तिकडं धुणीभांडी करते तिच्याकडून. म्हणजे लोकसहभागाची बातमीसुद्धा आमच्याकडं मोरीतूनच आली.

आम्ही चौघं गेलो. सकाळी अकराला, कामाच्या दिवशी, खाडे करून. दारात वही होती, सह्या केल्या. खुर्च्या भरलेल्या, मागं भिंतीला टेकून उभे राहिलो. चर्चा दीड तास चालली. कॅमेरे किती बसवायचे. कुत्र्यांना कुठं फिरवायचं. पोरं फुटबॉल खेळतात त्यांना बंदी. डबा खायला बंदी. दुपारी 'बाहेरची' माणसं येऊन झोपतात, त्यासाठी बाकांना मध्ये लोखंडी दांडा. संडास पाहिजे असं एक म्हातारी बाई म्हणाली, तर बाकीचे म्हणाले, नको, मग वस्तीतले येतील. आम्ही मागंच उभे होतो. आम्ही दिसत होतो. तरी म्हणाले.

मग पडद्यावर नकाशा आला. निळा नाला, करडा रस्ता, आणि काठाला हिरवागार पट्टा. मी आमचं विहार शोधलं. नव्हतं. गल्ली शोधली. नव्हती. आमची एकशे बारा घरं जिथं आहेत तिथं नुसता हिरवा रंग. मी हात वर केला. "साहेब, इथं आमची घरं आहेत." हातात काठी असलेला तो गृहस्थ अगदी सौम्यपणे म्हणाला, "ते नंतर बघू हो, आता ही फक्त संकल्पना आहे."

बुलडोझर यायचा होता, पण संकल्पनेत आम्ही आधीच उठलो होतो!

पुढं अहवाल झाला. त्यात लिहिलं, आराखडा स्थानिक नागरिकांच्या सहभागानं तयार केला. सोबत हजेरीपट. त्यात आमच्या चौघांच्या सह्या. म्हणजे आमच्या घरांवर हिरवा रंग फासला, त्याला साक्षीदार आम्हीच.

आता हस, पोरा.

*

तू म्हणशील, बागेचा आणि चळवळीचा काय संबंध. मी म्हणतो, चळवळ सुरूच कुठून झाली? सार्वजनिक जागेपासून झाली. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात बोल्यांचा ठराव पास झाला : सरकारी पैशातून चाललेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने सगळ्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ मध्ये आपलं तळं खुलं केल्याचा ठरावही केला. कागद तयार होता. पाणी मात्र कुणी प्यायलं नव्हतं. ते पाणी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागं हजारो माणसं चालत गेली तेव्हा खुलं झालं. ठरावाला पाय फुटले तेव्हा तो हक्क झाला.

आणि पुढची गोष्ट आपण विसरतो. सनातनी कोर्टात गेले. तिथं त्यांनी काय म्हटलं? म्हटलं, तळं सार्वजनिक नाहीच, ते आमच्या मालकीचं. दहा वर्षं खटला चालला. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात आपली बाजू लागली. नीट बघ. 'तू महार म्हणून येऊ नको' हे कोर्टात टिकेना, तेव्हा 'ही जागा खाजगी आहे' हे पुढं आलं. शंभर वर्षं होत आली, युक्ती तीच आहे.

बाबासाहेबांनी ते तळं संविधानात नेऊन ठेवलं. कलम १५ चं दुसरं उपकलम काढून वाच. विहिरी, तलाव, घाट, रस्ते आणि लोकांच्या राबत्याच्या जागा, ज्या सरकारी पैशातून चालतात किंवा लोकांसाठी वाहिलेल्या आहेत, तिथं धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणाला अडवता येणार नाही. बाग म्हणजे राबत्याची जागा नाही तर काय? चवदार तळ्याच्या शेजारच्या ओळीत बाग बसलेली आहे.

१९२७ साल आणखी दोन गोष्टींसाठी ध्यानात ठेव. त्याच साली दादरच्या माहीम पार्कचं नाव शिवाजी पार्क झालं. आणि त्याच सालापासून मुंबईचा कचरा देवनारला पडायला लागला असं सांगतात. शहराच्या एका टोकाला मैदान, दुसऱ्या टोकाला उकिरडा. मैदानाच्या भोवती कोण राहिलं आणि उकिरड्याच्या भोवती कोण, हे तुला सांगायला नको. गावात गावकूस होतं. शहरानं गावकूस पाडलं नाही, नकाशात घातलं. गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगर, बैंगनवाडी : कचरा तिकडं, कत्तलखाना तिकडं, दवाखान्यांचा कचरा जाळायची भट्टीसुद्धा तिकडंच आणून ठेवली.

२०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याची तयारी चालू होती तेव्हा मुंबईतल्या मोकळ्या जागेचा हिशेब निघाला. माणशी सव्वा चौरस मीटरच्या आसपास. केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात दहा ते बारा पाहिजे. सव्वा चौरस मीटर म्हणजे सहा बाय तीनची पथारीसुद्धा पसरता येत नाही. आणि ही झाली सरासरी. सरासरीत मलबार हिलचं झाड गोवंडीच्या पोराच्या नावावर चढतं. त्याची सावली काही चढत नाही.

*

आता 'दत्तक' या शब्दाकडं येतो. हा शब्द मुंबईत दोन ठिकाणी वापरतात. दोन्ही ठिकाणं शेजारी ठेवून बघितली की डोळे उघडतात.

एक, बाग दत्तक. महापालिकेची मैदानं, उद्यानं खाजगी संस्थांना सांभाळायला द्यायची. आधी केअरटेकर धोरण होतं. त्यात जागेच्या काही भागावर बांधायची मुभा होती. मग काय, क्लब उभे राहिले, सभासद झाले, फी आली, फाटकावर गुरखा आला. सार्वजनिक भूखंडावर पोहण्याचा तलाव, आणि त्या तलावात शिरायला सभासदत्व! त्या धोरणावर बोंब झाली. पुढं जानेवारी २०१६ मध्ये नवं दत्तक धोरण महापालिकेच्या सभागृहात पास झालं. पुन्हा बोंब झाली, तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी, देवेंद्र फडणवीसांनी, त्याला स्थगिती दिली. २०२३ मध्ये पुन्हा तसलाच मसुदा आला आणि पुन्हा विरोध झाला. भूत जात नाही, दर काही वर्षांनी झपाटतं.

त्याच जानेवारी २०१६ च्या शेवटी देवनारच्या कचऱ्याला आग लागली. कित्येक दिवस शहरावर धूर. बागेचं धोरण आणि कचऱ्याचा धूर एकाच महिन्यात. बागेसाठी सभा भरल्या, पत्रकं निघाली, कोर्टकज्ज्याची भाषा झाली. धुराबद्दल गळे निघाले तेव्हा, जेव्हा तो धूर बाकीच्या मुंबईत पोचला. गोवंडीत तर तो रोजच होता.

दोन, वस्ती दत्तक. १९९० च्या दशकाअखेर सोसायट्यांसाठी महापालिकेनं एएलएम काढलं. गल्लीतल्या रहिवाशांनी एकत्र यायचं, कचरा, झाडं, फूटपाथ यांची व्यवस्था बघायची, वॉर्ड ऑफिसरला भेटायचं. त्या नावात 'मॅनेजमेंट' आहे. म्हणजे व्यवस्थापन. झोपडपट्टीसाठी मात्र योजना आली तिचं नाव 'दत्तक वस्ती'. वस्तीतल्या संस्थेला लोकसंख्येच्या हिशेबानं पैसे, आणि वस्ती झाडणाऱ्याला मानधन. तो कामगार नव्हे, 'स्वयंसेवक'. कामगार म्हटलं तर किमान वेतन द्यावं लागतं ना!

बघ हं. बंगल्यातला माणूस व्यवस्थापक. झोपडीतला माणूस पोरका, त्याला कुणी तरी दत्तक घ्यायचं. बाग श्रीमंताच्या ओटीत दत्तक, वस्ती ठेकेदाराच्या ओटीत दत्तक. मग या शहराचा धनी कोण? ज्यानं झाड लावलं तो? ज्यानं कर भरला तो? का ज्याला दत्तकविधानाच्या कागदावर सही करायला बोलावलं तो? आणि कर फक्त तेच भरतात असं कुणी म्हणालं तर त्याला सांग, काडेपेटीपासून रॉकेलपर्यंत माझ्या आईनं जन्मभर कर भरला. तिला पावती मिळाली नाही एवढंच.

*

हिरवळीच्या नावावर माणसं कशी उठवतात त्याचा एक जुना आणि एक ताजा दाखला देतो.

जुना बोरिवलीचा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या झोपड्यांविरुद्ध पर्यावरणवाले हायकोर्टात गेले १९९५ मध्ये. मे १९९७ मध्ये हुकूम झाला. १९९५ च्या आधीचा पुरावा आणि वर सात हजार रुपये भरले तर दुसरीकडं जागा, नाहीतर रस्त्यावर. हजारो घरं तोडली. निवारा हक्कवाल्यांनी लढा दिला म्हणून चांदिवलीत संघर्षनगर उभं राहिलं. ते नगर कुणाच्या दयेवर उभं राहिलं नाही. नावातच आहे.

ताजा तानसाच्या पाइपलाइनचा. शहराला पाणी आणणाऱ्या मोठ्या नळांच्या कडेला वस्त्या होत्या. आपली माणसं, मुसलमान, उत्तरेकडून आलेले मजूर. २००९ मध्ये हायकोर्टाचे आदेश झाले, नळाच्या दोन्ही बाजूंनी दहा दहा मीटर मोकळं करा. पाण्याच्या सुरक्षेसाठी. बरं. घरं तुटली, माणसं नेऊन टाकली माहुलला, तेलशुद्धी कारखान्यांच्या कुशीत. डिसेंबर २०१५ मध्ये हरित लवादानं म्हटलं होतं की तिथल्या हवेनं माणसाच्या तब्येतीला धोका आहे. तरी नेली. मग २०१७ मध्ये जाहीर झालं की मोकळ्या झालेल्या त्या पट्ट्यात मुलुंडपासून शीव-वडाळ्यापर्यंत ३९ किलोमीटरचा सायकल ट्रॅक आणि हिरवळ करणार!

सायकल चालवायला माझी ना नाही. पण हिशेब मांड. जिथून माणसं काढली तिथं स्वच्छ हवा खायला रस्ता. जी माणसं काढली ती कुठं? माहुलच्या धुरात. त्याला नाव दिलं हरित. ऑक्टोबर २०१८ पासून ही माणसं विद्याविहारला पाइपलाइनच्याच कडेला फूटपाथवर ठाण मांडून बसली. एप्रिल २०१९ मध्ये हायकोर्टानं सांगितलं, ज्यांना माहुलला राहायचं नाही त्यांना महिना १५ हजार भाडं आणि ४५ हजार अनामत द्या. हे कोर्टानं दिलं खरं, पण फूटपाथवर पावसात बसलेल्या बायांनी ते मागून घेतलं.

आणि २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं देवनारच्या कचराभूमीची सुमारे १२४ एकर जमीन धारावीच्या माणसांच्या घरांसाठी द्यायचं ठरवलं. म्हणजे कचऱ्याच्या जागेवर जंगल होऊ शकत नाही, आपलं घर होऊ शकतं! पण धारावीच्याच कडेला माहीमचं निसर्ग उद्यान आहे, ३७ एकरांचं. तीसुद्धा एके काळची कचराभूमीच. कचऱ्यावर माती टाकून, झाडं लावून तिथं जंगल उभं केलं आणि १९९४ मध्ये ते खुलं झालं. म्हणजे येतं. मनात असलं की उकिरड्याचं रान करता येतं.

लोक एकत्र आले की काम होतं, हेही मी नाकारत नाही. जुहूच्या रहिवाशांनी पी. के. दास या वास्तुरचनाकाराला बरोबर घेऊन इर्ला नाल्याच्या काठाला चालायच्या वाटा, झाडं यांचा आराखडा केला, खासदार निधी मिळवला. चांगलं केलं. मी त्यांना नावं ठेवत नाही. मी विचारतो ते एवढंच की, हाच उद्योग आपल्या नाल्यावर आपण केला तर तो 'लोकसहभाग' ठरतो का 'अतिक्रमण'?

*

आता शिवाजी पार्क. सहा डिसेंबर.

वर्षाचे ३६५ दिवस त्या मैदानावर क्रिकेट, सभा, दसऱ्याचे मेळावे. पण ज्या दोन-तीन दिवसांत खेड्यापाड्यांतून आपली माणसं येतात, मैदानात निजतात, त्या दिवसांतच काहींना मैदानाची स्वच्छता आठवते. संडास कमी पडतात तर बोट दाखवायचं संडास न पुरवणाऱ्याकडं. ते दाखवतात संडास शोधणाऱ्याकडं. अरे, देशात दुसरं कुठलं मैदान दाखव, जिथं माणसं देवाचा प्रसाद घ्यायला नाही तर पुस्तकं विकत घ्यायला रांगा लावतात! पायांत चप्पल नसलेली बाई पदराची गाठ सोडून नातवाला संविधान घेऊन देते. मैदानाचा याहून मोठा उपयोग कुठला?

पण आता आपल्याही पानावर यायला पाहिजे. सात डिसेंबरच्या पहाटे ते मैदान कोण झाडतं? महापालिकेचे सफाई कामगार. म्हणजे बहुतेक आपलेच भाऊ-बहिणी. अभिवादन आपलं, केर आपल्याच बहिणीच्या हाती. हे आपल्याला शोभतं का? काही मंडळं स्वतः झाडू घेऊन उतरतात, त्यांना माझा जय भीम. बाकीच्यांनी विचार करावा.

आणि आपण स्वतः बागा कशा करतो? वस्तीत मोकळी जागा मिळाली की आपण पहिलं काय मागतो? पुतळा. मग पुतळ्याला कठडा. मग कठड्याला कुलूप. किल्ली मंडळाच्या अध्यक्षाच्या खिशात. लखनौला २००८ मध्ये आंबेडकर पार्क झालं, नोएडाला २०११ मध्ये दलित प्रेरणा स्थळ. पांढरपेशांनी बोंब मारली, पैसा वाया गेला म्हणून. राजामहाराजांच्या छत्र्यांना आणि साहेबांच्या पुतळ्यांना ज्यांनी कधी हिशेब विचारला नाही, ते आपल्याला हिशेब विचारायला लागले. त्यांचा ढोंगीपणा उघडा होता. पण नोएडाला झाडं तोडली, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, ही गोष्ट खोटी नव्हती. आपण दगड पुष्कळ लावला. उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता त्या दगडावर पाय ठेवून बघ. बुद्धाला बोधी झाली ती संगमरवराखाली नाही, पिंपळाखाली. एवढं जरी ध्यानात ठेवलं तरी आपल्या बागा सुधारतील.

*

मग करायचं काय? भाषण पुरे झालं, काम सांगतो.

पहिलं फाटक. बाग सुधारायची म्हणजे कारंजं बसवायचं नाही. दुपारी कुलूप का? घरकामाची बाई, नाका कामगार, डिलिव्हरीचा पोरगा यांना बसायला मिळतं ते दुपारीच. कुलूप काढा. संडास, पिण्याचं पाणी, सावली. तिकीट नाही. बाकाला मध्ये दांडा नाही. पोरांना खेळायला एक कोपरा तरी उघडा. पोरींना वेगळी वेळ आणि उजेड. हे मागायला वास्तुरचनाकार लागत नाही.

दुसरं, बैठक कुठं आणि किती वाजता. सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी अकराला झालेली बैठक आपण मानायची नाही. वस्तीत, रात्री आठनंतर, बायांसकट, मराठी-हिंदीत. नकाशा भिंतीवर लावायचा आणि घरं दाखवल्याशिवाय चर्चा नाही. आणि आमच्याकडून शिका : नकाशा बघितल्याशिवाय हजेरीच्या वहीत सही करायची नाही. २००९ मध्ये राज्यानं महापालिकांच्या कायद्यात दुरुस्ती करून 'क्षेत्रसभा' आणली. ग्रामसभेसारखी, शहरातली मतदारांची सभा. कितीजणांनी ती बघितली? मुंबई महापालिकेत तर मार्च २०२२ पासून पुढं कित्येक वर्षं प्रशासकच होता, निवडून आलेला माणूसच नव्हता. कायद्यातला हा शब्द झोपलाय. तो उठवायचा. बोल्यांच्या ठरावासारखे त्याला पाय द्यायचे.

तिसरं, माळी. बागेत ठेकेदारीवर राबणाऱ्या माणसाला किमान वेतन, हजेरीकार्ड, दुपारी भाकरी खायला छप्पर. आणि त्याला बैठकीत बोलायचा हक्क. कुठल्या झाडाला कीड लागते, कुठं पाणी तुंबतं, हे आराखडा काढणाऱ्याला ठाऊक नसतं, माझ्या आईला ठाऊक होतं. परदेशातनं आणलेलं गालिच्याचं गवत नुसतं पाणी पितं, त्यावर कुणाला बसू देत नाहीत. कडुनिंब, करंज, वड, पिंपळ, जांभूळ लावा. सावली देतात, पाखरं येतात. शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. झाड तोडायच्या आधी नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात. नाल्याकाठच्या झाडावर कागद दिसला की वाचायचा आणि हरकत लिहायची. आपलं अक्षर कधी तरी त्या फायलीत जाऊ दे.

चौथं, हरित पट्ट्यात माणूस आधी. पट्ट्याची रुंदी माणसं मोजून ठरवायची, रुंदी ठरवून माणसं उठवायची नाहीत. पुराचा धोका खरोखर असेल तर जवळच घर द्या, आधी द्या, मग हलवा. नाल्याकाठचा माणूस नाल्याचा शत्रू नाही. नाल्याला पूर येतो तेव्हा तोच पहिला ओरडतो. त्याच्या घरामागं गटार सोडलं कुणी, कारखान्याचं पाणी सोडलं कुणी, हे विचारा. आणि बाग चांगली झाली की शेजारचा बिल्डर आपल्या जाहिरातीत तिचा फोटो टाकतो. मग बागेला लागून असलेली वस्ती त्याला खुपते. म्हणून घराचा कागद आणि झाडाचं रोप एकाच वेळी मागायचं. नुसतं रोप मागितलं तर त्या रोपाच्या सावलीत दुसरंच कुणी बसेल.

पाचवं, दत्तक बंद. बागेचा पैसा महापालिकेचा, हिशेब फाटकावर लावलेला. मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. आपण दत्तक जायचं नाही आणि आपली बागही कुणाच्या ओटीत घालायची नाही.

*

मागच्या आठवड्यात आम्ही आमचा नकाशा केला. पोरींनी टेप धरली, म्हाताऱ्यांनी जुन्या विहिरीची जागा दाखवली, एका पोरानं मोबाईलवरून मापं उतरवली. एकशे बारा घरं, विहार, बालवाडी, सतरा मोठी झाडं, त्यांत आमच्या आईनं लावलेला करंज. नाल्याच्या काठानं चालायची वाट आम्हीही काढलीय. घरं न पाडता जाते. थोडी वाकडी जाते. रस्ता वाकवता येतो, माणूस किती वाकवायचा?

हा नकाशा घेऊन पुढच्या बैठकीला आम्ही चौघं नाही, चारशे जाणार आहोत. खुर्च्या कमी पडल्या तर जमिनीवर बसू. पण मागं भिंतीला टेकून उभे राहणार नाही.

आई आता थकलीय. दिसतं कमी. परवा तिला धरून त्या जुन्या बागेत नेली. तिथल्या एका बाकावर बसवली. दहा मिनिटं ती नुसती अंग चोरून टेकली होती, कुणी उठवील म्हणून. मग हळूहळू पाठ टेकली. म्हणाली, "ह्ये झाड म्या लावल्यालं."

पोरा, पाचवा विषय लिही. बाग. आणि त्याच्यापुढं कंसात लिही : चवदार तळं.

जय भीम.